मराठीला स्वल्पविराम देणारा मेजर

इंग्रजी लिहिताना भल्याभल्यांचा हात ज्या चिन्हापाशी अडखळतो ते म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी. ‘एस’ अक्षराच्या अलीकडे द्यायचे की पलीकडे, की मुळीच द्यायचे नाही, याबाबतचा घोळ अंबडच्या बाजारपेठेपासून मुंबईपर्यंत कोणत्याही इंग्रजी पाटीवर आढळू शकतो. मराठीत मात्र हा घोळ नाही, कारण ते चिन्हच मराठीत रुजले नाही. त्याची भावंडे मात्र घरचीच झाली, आणि ती आणणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव मेजर थॉमस कँडी यांचे आहे.

कँडी यांचा जन्म १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी सेवेसाठी १८२२ मध्ये थॉमस हिंदुस्थानात आले आणि तलवारीपेक्षा कोशातच अधिक रमले. जेम्स मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी शब्दकोशासाठी दोन्ही भाऊ राबले. पुढे इंग्रजी-मराठी कोशाचे काम सुरू झाले. पण प्रकृती ढासळल्याने मोल्सवर्थ मायदेशी परतले आणि अर्धवट राहिलेला तो डोलारा कँडींनी पेलून १८४७ मध्ये पूर्ण केला. दरम्यान पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात १८२१ पासून चाललेल्या संस्कृत पाठशाळेची सूत्रेही त्यांच्याकडे आली होती.

मराठीवर त्यांचा खरा ठसा उमटला तो १८५० मध्ये, ‘विरामचिन्हांची परिभाषा’ या पुस्तकाने. तत्पूर्वीच्या मोडी लेखनाची रीत आठवावी. ओळीवर ओळ, शब्दाला शब्द भिडलेला. कुठे थांबायचे हे वाचणाऱ्याने अनुभवाने ओळखायचे. होळकरांच्या अमलातील अंबड परगण्यासारख्या ठिकाणच्या दफ्तरात ‘सारा भरला नाही माफ केला’ असे लिहिलेले आढळले तर काय समजावे? ‘नाही’नंतर स्वल्पविराम दिला तर रयतेने सारा भरला नाही, तो माफ झाला. ‘भरला’नंतर दिला तर रयतेने सारा भरला, माफी मिळालीच नाही. कारकुनाला प्रसंग ठाऊक असे, म्हणून त्याचे भागत असे. छापील पुस्तक मात्र अनोळखी वाचकाच्या हाती पडते. तेथे थांबण्याच्या खुणा कागदावरच असाव्या लागतात. कँडींनी इंग्रजीतील चिन्हे मराठीला समजावून दिली, ती नेमकी याच गरजेपोटी उपयोगी पडली.

ॲपॉस्ट्रॉफीची गत वेगळी. इंग्रजीत त्याची कामे मुख्यतः दोन. एक, गाळलेल्या अक्षराची जागा दाखवणे. दुसरे, मालकी सांगणे. दुसरे काम पहिल्यातूनच निघाले आहे, कारण जुन्या इंग्रजीतील षष्ठीच्या ‘ईएस’ या प्रत्ययातील ‘ई’ गळाला आणि त्याच्या जागी हा टिंबवजा स्वल्पविराम वर टांगला गेला. म्हणूनच साध्या अनेकवचनाला तो लागत नाही. ‘इट्स’ हा शब्द ‘त्याचे’ या अर्थी असेल तर चिन्ह नको, ‘इट इज’चे संक्षिप्त रूप असेल तर हवे. मराठीत मालकीला चा-ची-चे आहेत. ‘आला आहे’चे ‘आलाय’ होते तेव्हाही गळालेल्या अक्षरांसाठी कोणी खूण करत नाही. संस्कृतात ‘सोऽहम्’मधला अवग्रह हेच काम करतो, हे पाठशाळेतील शास्त्र्यांना तर ठाऊकच होते, तरीही मराठीने रोजच्या लेखनात त्याची गरज मानली नाही.

कँडींचे पुढचे आयुष्य सरकारी पाठ्यपुस्तके व भाषांतरे तपासण्यात गेले. मराठी भाषांतरकार म्हणून त्यांचा शब्द अखेरचा ठरे, आणि त्यांच्या कात्रीतून सुटलेली मराठी इंग्रजी वळणाची झाली, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो सर्वस्वी निराधार नाही. एका परकीय अधिकाऱ्याने एतद्देशीयांचे गद्य दुरुस्त करावे, यात बोच होतीच. मोल्सवर्थ १८५१ मध्ये परतले तेव्हा कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी कँडी पुन्हा त्यांच्या मदतीला उभे राहिले. सुमारे ६० हजार शब्दांची ती आवृत्ती १८५७ मध्ये निघाली आणि आजही अभ्यासकांच्या टेबलावर आहे.

मायदेशी न परतलेल्या या मेजरचे २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे निधन झाले.