शेतात वीज नेणारा सिनेटर

आमच्या विहिरीवर चालणारी मोट मी लहानपणी पाहिली आहे. पहाटे वडील बैल जुंपत आणि आई फावडे घेऊन दारे धरी. दुपारी बैलांच्या तोंडाला फेस येई, तरी जेमतेम काही वाफे भिजलेले असत. १९७०च्या दशकात एके दिवशी विहिरीवर विजेची मोटर बसली. खटका दाबताच पाण्याचा लोट हौदात कोसळला आणि आई नुसती बघत उभी राहिली. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. पुढे जॉर्ज नॉरिस या अमेरिकन सिनेटरची हकिगत वाचनात आली, तेव्हा तोच चेहरा डोळ्यांसमोर येत राहिला.

नॉरिस यांचा जन्म ११ जुलै १८६१ रोजी ओहायो राज्यातल्या एका शेतकरी घरात झाला. बारा भावंडांतले ते अकरावे. ते तीन वर्षांचे असतानाच वडील वारले; त्याच सुमारास थोरला भाऊ यादवी युद्धात कामी आला. शेत आणि मुले, दोन्हींचा भार आईवर पडला. एकदा वसंतात, दिवसभराच्या कामाने थकलेली आई फळझाड लावत होती. या झाडाची फळे तुला कुठे मिळणार, असे मुलाने विचारले. मला नाही मिळाली तरी कुणाला तरी मिळतील, अशा अर्थाचे काहीतरी ती बोलली. नॉरिस यांनी ते जन्मभर जपले.

शाळेत शिकवत त्यांनी वकिलीचे शिक्षण पुरे केले, १८८५ साली नेब्रास्काच्या माळरानावर बस्तान बसवले आणि पुढे ते न्यायाधीश झाले. १९०३ साली ते काँग्रेसमध्ये गेले, १९१३ साली सिनेटमध्ये. माणूस मोठा हट्टी! १९१७ साली महायुद्धात उतरण्याच्या विरोधात मत देणाऱ्या मोजक्या सिनेटरांत ते होते. त्यासाठी त्यांना देशद्रोही म्हणवून घ्यावे लागले.

त्या काळी अमेरिकेतली शहरे विजेने उजळली होती, पण १९३०च्या दशकाच्या मध्यावरही दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. खासगी कंपन्यांचा हिशेब सरळ होता. मैलभर तार ओढायची आणि गिऱ्हाईक मिळणार दोन-चार घरे, मग तार ओढावी कशाला? त्यामुळे शेतकऱ्याची बायको पाणी हाताने शेंदत होती, चुलीवर इस्त्री तापवत होती, कंदिलाच्या उजेडात गोठा आवरत होती. नॉरिस यांनी हिशेब तिच्या बाजूने मांडला. नदी सर्वांची, तर तिच्यापासून होणारी वीजही सर्वांची, असे त्यांचे म्हणणे होते.

टेनेसी नदीवर महायुद्धाच्या काळात सुरू झालेला सरकारी प्रकल्प हेन्री फोर्ड विकत घ्यायला निघाले, तेव्हा नॉरिस आडवे उभे राहिले. त्यांची विधेयके १९२८ साली अध्यक्ष कूलिज यांनी आणि १९३१ साली अध्यक्ष हूवर यांनी अडवली. अखेर १९३३ साली रूझवेल्ट यांनी टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या कायद्यावर सही केली. १९३६ साली ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा आला. सरकारने दीर्घ मुदतीचे कर्ज द्यायचे, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून स्वतःच तारा ओढायच्या. मग पंप आले, दूध काढायची यंत्रे आली, धान्य भरडण्याच्या चक्क्या आल्या. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस दहापैकी जवळजवळ नऊ शेतघरांत वीज पोहोचली होती. ते पाहायला नॉरिस नव्हते. १९४२ साली, ८१ व्या वर्षी, मतदारांनी त्यांना घरी बसवले आणि २ सप्टेंबर १९४४ रोजी नेब्रास्कातल्या मॅककुक गावी ते वारले.

या कामाचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९६९ साली भारतात ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि अमेरिकेतल्या सहकारी वीज संस्थांच्या धर्तीवर पाच प्रायोगिक संस्था उभ्या राहिल्या. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा ही त्यांतलीच एक. २०११पर्यंत ती वीज पुरवत होती.

आमच्याकडे मोटर आली, बैल सुटले, उसाचे क्षेत्र वाढले. पण पुढे पंपाची वीज रात्रीच्या पाळीला येऊ लागली. ऐन थंडीत वडील बॅटरी घेऊन दारे धरायला जात. एका रात्री बांधावरच्या सापावर त्यांचा पाय पडता पडता राहिला. ते परत येईपर्यंत आई उंबऱ्याशी बसून असे. दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्याची मागणी ऐकली की मला तीच आठवते. मोटर सुरू झाली तेव्हाचा तिचा आनंद नॉरिस यांना नक्कीच समजला असता. पण तिची ही जागरणेही त्यांनी हिशेबात धरली असती, असे मला वाटते.