नामदेवरायांची पायरी

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, तवा चार शब्द लिहा असं मंडळींनी सांगितलं. आमचं शिक्षण चौथी. कीर्तनात सांगतो तेच इथं लिहितो.

नामदेवराय १२७० साली जन्माला आले. गाव नरसी, आता हिंगोली जिल्ह्यात. बाप दामाशेट, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. विठ्ठलाचा लळा एवढा, की देव त्यांच्या हातचा नैवेद्य खायचा, त्यांच्याशी बोलायचा. पण त्या लाडातच खोट राहिली. देव आपल्याशी बोलतो, मग आपल्यापेक्षा मोठा कोण, असं मनात बसलं.

पुढं तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत जमले. मुक्ताबाईंनी काकांना मडकी तपासायला लावली. काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणलं. बाकीचे गप बसले, नामदेवराय चिडले. हे एवढं मडकं कच्चं, असं काकांनी सांगून टाकलं. रुसून ते पंढरीला देवाकडं गाऱ्हाणं घेऊन गेले. देवानंही काकांचीच बाजू घेतली आणि गुरू करायला औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडं धाडलं.

तिथं बघतात तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवराय संतापले. शिकायला आले आणि पहिल्याच घटकेला गुरूची चूक काढली. विसोबांनी सांगितलं, पिंड नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. पाय जिकडं ठेवावेत तिकडं पिंड. खोट आपल्याच बघण्यात आहे, हे तवा कळलं.

ही कथा आम्ही कितीदा तरी सांगितली, पण अंगावर आली ती वारीत. एका मुक्कामाला एक म्हातारे वारकरी वीण्याकडं पाय करून निजले होते. आम्ही त्यांना चारचौघांत बोललो. ते मुकाट्यानं उठून बसले. कंदिलाच्या उजेडात त्यांचे तळवे दिसले, फोडांनी पार सोललेले. आणि आम्ही त्या दिवशी सामानाच्या ट्रॅक्टरवर बसून आलो होतो. रातभर झोप नाही. सकाळी त्यांचे पाय धरायला गेलो, तर त्यांनीच आधी आमचे धरले. ट्रॅक्टरचं मात्र आम्ही आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, ते इथं लिहिलं.

नामदेवराय पुढं पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. एवढी कीर्ती झाली, तरी १३५० साली देह ठेवताना जागा मागितली ती महाद्वाराच्या पायरीची. ज्यांना एकाचे पाय खपले नव्हते, त्यांनी सगळ्या वारकऱ्यांचे पाय डोक्यावर मागून घेतले.

त्या पायरीला हात लावताना आपलं मडकं आधी वाजवून बघावं, मग दुसऱ्याचं. चूकभूल पदरात घ्यावी. रामकृष्ण हरी.