मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागायच्या ३१ वर्षं आधी या माणसाने स्वतःचं घर गॅसने उजळवलं होतं

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघालं की भिगवणनंतर डाळज लागतं. उजनीचं पाणी तिथून जवळच. याच भागात डिकसळचा जुना ब्रिटिशकालीन पूल आहे. आज लोक त्याला रस्त्याचा पूल म्हणून ओळखतात, पण मुळात तो बांधला होता रेल्वेसाठी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन डिसेंबर १८५८ मध्ये पुण्याहून डिकसळपर्यंत पोचली. पुढे उजनी धरण झालं, जुना मार्ग पाण्यात गेला आणि लाइन बाजूला सरकली.

आता त्या काळातली एक गंमत बघा. इंजिनाच्या भट्टीत ढिगाने कोळसा जळायचा. पण रात्री त्याच इंजिनाच्या तोंडावर जो दिवा असायचा, तो मात्र तेलाचा.

कोळशापासून दिवा लावता येत नव्हता का? येत होता की. आणि आपल्याकडे ते करून दाखवलं होतं मुंबईतल्या एका पारशी माणसाने, तेसुद्धा १८३४ मध्ये. म्हणजे भारतात पहिली प्रवासी रेल्वे धावली त्याच्याही १९ वर्षं आधी.

त्या माणसाचं नाव अर्देशीर खरशेटजी वाडिया.

वाडिया म्हणजे जहाज बांधणारं घराणं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले. ईस्ट इंडिया कंपनीला इथे गोदी उभारायची होती आणि त्यासाठी तिला सुतारकामातला जाणता माणूस हवा होता. तिथून पुढे पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गोदीचा कारभार याच घराण्याकडे राहिला. सागवानी लाकडाची त्यांची जहाजं इतकी टिकाऊ असायची की ब्रिटिश नौदलही त्यांच्याकडून लढाऊ जहाजं बांधून घ्यायचं. त्यातलं १८१७ मध्ये बांधलेलं ट्रिंकोमाली हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे.

ते जहाज समुद्रात उतरलं तेव्हा अर्देशीर ९ वर्षांचे होते. त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ चा. चौदाव्या वर्षी घरच्या रिवाजाप्रमाणे तेही गोदीत कामाला लागले. पण गडी जरा वेगळा निघाला. घरातली बाकीची मंडळी लाकूड आणि शिडं यात रमलेली, तर याचं सगळं लक्ष वाफेवर.

आणि त्याला कारणही होतं. १८२९ मध्ये मुंबईच्या गोदीत ह्यू लिंडसे नावाची आगबोट बांधून झाली आणि पुढच्या वर्षी ती थेट सुएझला गेली. वाऱ्याची वाट न बघता जहाज चालतं, हे मुंबईने डोळ्यांनी पाहिलं. शिडांचे दिवस भरत आलेत हे ज्यांना लवकर कळलं, त्यात अर्देशीर होते.

पण शिकायचं कुठे? मुंबईत तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेज नव्हतं. मग पुस्तकं आणि स्वतःचे हात एवढ्या भांडवलावर त्यांनी सुरुवात केली. घरीच ओतशाळा घातली. लोखंड वितळवायचं कसं, साच्यात ओतायचं कसं हे आधी स्वतः शिकले, मग इथल्याच कारागिरांना शिकवलं. त्यातून एक हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन तयार झालं. विहिरीचं पाणी वाफेवर उपसता येतं हे त्यांनी दाखवून दिलं. १८३३ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी ६० टनांची इंडस नावाची बोट बांधून पाण्यात सोडली. तीसुद्धा वाफेवर चालणारी.

त्यानंतर आला दिव्यांचा प्रयोग.

आधी हा गॅस म्हणजे काय ते समजून घेऊ. कोळसा उघड्यावर पेटवला की तो जळून जातो आणि उष्णता देतो. त्याच उष्णतेवर पाण्याची वाफ होते आणि इंजिन चालतं. पण तोच कोळसा बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवला तर तो जळत नाही. त्यातून गॅस बाहेर पडतो. हा गॅस पाण्यातून आणि चुन्यातून नेऊन साफ करायचा, टाकीत साठवायचा आणि नळांनी हवा तिथे न्यायचा. नळाच्या तोंडाशी काडी लावली की दिवा तयार. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच असे दिवे रस्त्यावर आले होते. मुंबईत मात्र अंधार पडला की तेलाच्या दिव्याशिवाय काही नव्हतं.

१८३४ मध्ये अर्देशीर यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळवून टाकली. ते बघायला मुंबईचे गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर स्वतः आले आणि खूश होऊन त्यांनी अर्देशीर यांना मानाचा पोशाख दिला. शहराच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागायला मात्र १८६५ साल उजाडावं लागलं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कोळशाचा गॅस इतका सोपा होता, तर तो रेल्वेच्या इंजिनावर का नाही बसवला?

कारण अगदी साधं आहे. या गॅसला साठवायला प्रचंड मोठी टाकी लागते. बंगल्याच्या आवारात ती चालते, पळत्या इंजिनावर ती ठेवणार कुठे? त्यामुळे रेल्वेवाल्यांनी सुरुवातीला जमेल तो जुगाड केला. अमेरिकेत साउथ कॅरोलिनाच्या रेल्वेवर होरॅशियो ॲलन या इंजिनिअरने १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनाच्या पुढे एक सपाट डबा लावला, त्यावर वाळू पसरली आणि तिच्यावर पाइनच्या लाकडांची शेकोटी पेटवली. रेल्वे इंजिनाचा हेडलाइट म्हणून ज्याची नोंद सापडते, तो हा असा होता!

त्यानंतर आला तेलाचा दिवा आणि त्याच्या मागे चकचकीत आरसा. अमेरिकेत रुळांना कुंपण नसायचं, जनावरं आडवी यायची, म्हणून तिकडचे दिवे मोठे. ब्रिटनमध्ये रूळ कुंपणाच्या आत असल्यामुळे इंजिनावरचा दिवा मुख्यतः सिग्नलवाल्याला कुठली गाडी येतेय ते कळावं यासाठी असायचा. १८७० च्या दशकात ज्युलियस पिंच या जर्मन उद्योजकाच्या पद्धतीने तेलापासून काढलेला गॅस दाबून टाकीत भरता येऊ लागला आणि तो डब्यांमधल्या दिव्यांना मिळाला. पुढे कार्बाइडवर पाणी पडलं की निघणारा ॲसिटिलीन गॅस आला. आणि शेवटी इंजिनाच्याच वाफेवर फिरणारा छोटा टर्बो-जनरेटर आला, त्याच्यावर विजेचा हेडलाइट लागला. कोळशातून वाफ आणि त्याच कोळशातून उजेड, हे गणित रुळांवर जुळायला असा बराच काळ गेला.

इकडे अर्देशीर यांचं काय चाललं होतं?

१८३९ मध्ये ते बेरेनिस या आगबोटीने निघाले. सुएझला उतरून इजिप्त ओलांडायचं आणि पुन्हा जहाज धरून इंग्लंड गाठायचं असा तो प्रवास. हेतू एकच, वाफेची यंत्रं जिथे बनतात तिथे जाऊन ती शिकायची. तिथे त्यांनी कारखाने पालथे घातले. महाराणी व्हिक्टोरियासमोर हजर राहण्याचा मानही त्यांना मिळाला. या प्रवासाची त्यांची डायरी १८४० मध्ये लंडनमध्ये छापून आली.

परतताना त्यांच्या हातात एक नेमणूक होती. कंपनीच्या मुंबईतल्या स्टीम फॅक्टरीचे चीफ इंजिनिअर आणि यंत्रांचे निरीक्षक. १ एप्रिल १८४१ ला त्यांनी पदभार घेतला.

इथे खरी ठिणगी पडली. कारण या कारखान्यात त्यांच्या हाताखाली इथल्या कारागिरांसोबत युरोपियन फोरमन, इंजिनिअर आणि बॉयलर बनवणारेही होते. गोऱ्या लोकांना हुकूम देणारा साहेब हिंदी माणूस, ही गोष्ट तेव्हाच्या मुंबईत कुणाला पचणारी नव्हती. इथल्या इंग्रजी वर्तमानपत्रातून उघड टीका झाली. सूर असा, की माणूस कितीही हुशार असला, तरी इंग्रज कामगारांवर हुकूमत चालवणं एका नेटिव्हाला जमेल का?

अर्देशीर यांनी ते १६ वर्षं करून दाखवलं.

आणि टीका होत होती त्याच वर्षी लंडनमधून दुसरीच बातमी आली. २७ मे १८४१ ला रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या नावाची शिफारस करणाऱ्या कागदात ज्या कामांचा उल्लेख होता, त्यात मुंबईत आणलेला गॅसचा उजेड, ओतशाळा आणि देशी कारागिरांना घेऊन बांधलेली ६० टनांची बोट ही तिन्ही कामं होती. दुसऱ्या भारतीयाला तिथे पोचायला ७७ वर्षं लागली. १९१८ मध्ये निवडून आलेले ते दुसरे भारतीय म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

अर्देशीर मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. १८५१ मध्ये त्यांनी लवजी फॅमिली नावाची आगबोट पाण्यात उतरवली. तिचे सगळे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते. शिवणयंत्र, फोटोग्राफी, विजेच्या साहाय्याने धातूवर मुलामा चढवणं अशा गोष्टी मुंबईत आणण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं.

१८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे धावली तेव्हा ते मुंबईतल्या याच कारखान्याचे प्रमुख होते. १८५७ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडला गेले. मधली दोनेक वर्षं सिंधमध्ये कोटरीला, सिंधू नदीवरच्या आगबोटींच्या ताफ्याचे इंजिनिअर म्हणून काम केलं आणि पुन्हा इंग्लंड गाठलं. १६ नोव्हेंबर १८७७ ला लंडनजवळच्या रिचमंडमध्ये त्यांचं निधन झालं.

१९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. पण रामानुजन आपल्याला शाळेपासून माहीत असतात आणि अर्देशीर यांचं नाव सांगितलं तर मुंबईतही अनेकांना ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटतं. यामागे एक कारण त्यांच्या कामातच आहे. रामानुजन यांची गणितं कागदावर राहिली, ती आजही उघडून बघता येतात. अर्देशीर यांनी केलेलं काम म्हणजे बोटी, भट्ट्या आणि दिवे. बोटी मोडीत निघाल्या, वाफेचा जमाना संपला आणि गॅसच्या दिव्यांची जागा विजेने घेतली. उरली ती रॉयल सोसायटीच्या दप्तरातली नोंद. त्यात मुंबईत गॅसचा उजेड कुणी आणला, याचं उत्तर आजही त्यांच्या नावाने लिहिलेलं आहे.