रेडिओवरचे कॉफमनसाहेब

संपादिकाबाईंनी मला एका थोर स्त्रीचे चरित्र लिहायला सांगितले होते. मी पुरुषाचे लिहिते आहे, तेही परदेशी. पण या माणसाचे सूर आपल्यापैकी प्रत्येकीने ऐकलेले आहेत. पहाटे आकाशवाणी सुरू होताना तंबोऱ्याच्या साथीने जी धून लागते, तिचे श्रेय ज्यांना दिले जाते ते वॉल्टर कॉफमन. आमच्या माहेरी त्या धुनेवर चूल पेटायची, पण ती कोणी बांधली हे आम्हांला कोणी सांगितले नाही.

त्यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाड येथे झाला. हे गाव आताच्या चेक देशात आहे. जातीने ते ज्यू. आपल्याकडे रेवदंडा-अलिबाग भागात शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायली लोक आहेत, त्यांचाच धर्म. बर्लिनला संगीत शिकून ते पुढे प्रागला गेले. तेथे डॉक्टरेटचा प्रबंध लिहून झाला. तेवढ्यात कळले की आपले प्राध्यापकच नाझी तरुणांचे पुढारी आहेत. कॉफमननी ती पदवी घेण्याचे नाकारले. वर्षांची मेहनत अशी सोडणे सोपे नसते! मला तर त्यांच्या साऱ्या चरित्रात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

१९३४ साली ते मुंबईत उतरले. आपल्या गाण्याच्या तबकड्या त्यांनी आधी ऐकल्या होत्या, पण काही उमगले नव्हते. लाखो लोकांना जे आवडते ते आपल्याला कळत नाही, तर उणीव आपल्यातच असणार, असे त्यांनी ठरवले. पाहुण्याने यजमानाच्या घरी असेच वागावे. काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. व्हायोलिनवर मेहली मेहता असत. जगप्रसिद्ध झुबिन मेहता हे त्यांचेच चिरंजीव.

आता रेडिओचे थोडे सांगते. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले तेव्हा ते सरकारचे नव्हते, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीचे होते. लायसनची फी वर्षाला १० रुपये. त्या काळी १० रुपये रेडिओसाठी कोण देणार? १९३० साली कंपनी बुडाली आणि सरकारने कारभार हाती घेतला. १९३६ साली ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडले. अमेरिकेत मात्र मोटारवाले आणि तेलवाले पैसे पुरवीत. जनरल मोटर्सच्या नावाने मोठाले वाद्यवृंद रेडिओवर वाजत, आणि टेक्साको या तेलकंपनीने १९४० पासून न्यूयॉर्कची संगीतनाटके घरोघरी पोचवली. आपल्याकडे सरकारी रेडिओवर जाहिराती आल्या त्या १९६७ साली, विविध भारतीवर. त्याआधी १९५२ पासून बिनाका गीतमालेसाठी लोक सिलोन लावीत, पण तिथे तबकड्या वाजत.

कॉफमनसाहेबांचे काम जिवंत संगीताचे. १९३७ पासून ते मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख होते. वादक स्टुडिओत बसत आणि ते वाजवतील ते त्याच क्षणी ऐकणाऱ्यांकडे जाई. चुकले तर चूकही जाई! सगळ्यांनी कागदावर पाहून एका हाताच्या इशाऱ्यावर वाजवायचे. होडीत वल्ही एकदम पडावी लागतात तसेच. त्यांनी रेडिओसाठी 'अनसूया' नावाची संगीतिकाही रचली.

इकडे हे चालले असता १९३८ साली हिटलरने त्यांचे जन्मगाव गिळले. परत जायला गावच उरले नाही. त्यांची पत्नी गर्टी ही काफ्का नावाच्या थोर लेखकाची भाची. काफ्का १९२४ सालीच वारले होते, पण त्यांच्या तिन्ही बहिणी नाझींच्या छळात गेल्या. त्यांतली एक गर्टीची आई. लेक मुंबईत आणि आई तिकडे. मुलीच्या जिवाचे काय झाले असेल, ते माहेर दूर असलेल्या बायकांना सांगायला नको. चरित्रे लिहिणारे याला एक ओळ देतात. मला ते पटत नाही.

१९४६ साली त्यांनी मुंबई सोडली. पुढे कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे ते १९४८ पासून नऊ-दहा वर्षे संचालक होते. नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. तेथे बसून त्यांनी आपल्या रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिले. उत्तरेकडच्या रागांचा १९६८ साली आणि दक्षिणेकडच्या रागांचा १९७६ साली निघाला. ज्या गाण्यातले पूर्वी काही उमगत नव्हते, तेच ते आता गोऱ्या मुलांना शिकवीत होते. ९ सप्टेंबर १९८४ रोजी ते तिकडेच वारले.