आकड्यांचा तलाठी

बोनकोडे हे नवी मुंबईतले, कोपरखैरण्याला खेटून असलेले गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. भाताची खाचरे जाऊन सेक्टर आले, सर्व्हे नंबर जाऊन प्लॉट नंबर आले. नोंदवहीतला एक आकडा बदलला की माणसाचे काय होते, हे या गावांना कुणी शिकवायला नको. सातबाऱ्यावर नाव आहे की नाही, गरजेपोटी बांधलेले घर कागदावर आहे की नाही, यासाठी इथल्या पिढ्या झगडल्या. म्हणूनच एका निराळ्या नोंदवहीची आणि ती जवळजवळ तीस वर्षे एकहाती सांभाळणाऱ्या माणसाची कथा इथे परकी वाटू नये. त्या माणसाचे नाव जोनाथन पोस्टेल.

बोनकोड्यातल्या एखाद्या दुकानात संगणकाचे बटण दाबले की काम सुरू होण्याआधी यंत्राला आपला पत्ता ठरवावा लागतो. युनिक्स किंवा लिनक्सच्या घराण्यातल्या यंत्रांत यासाठी साध्या मजकुराची एक स्क्रिप्ट असे. चार ओळींत काम भागे. आता ते बहुधा तयार प्रोग्रॅम करतात, पण पायऱ्या त्याच आहेत. पहिली ओळ यंत्राला स्वतःशी बोलण्याचा पत्ता देते : १२७.०.०.१. बाहेरची तार तुटलेली असली तरी यंत्रातल्या यंत्रात चालणारी कामे अडू नयेत, म्हणून हा पत्ता आधी. दुसरी ओळ नेटवर्क कार्डाला पत्ता देते, समजा १९२.१६८.१.१०, आणि सोबत २५५.२५५.२५५.० हा मास्क. पत्त्यातला गल्लीचा भाग कुठे संपतो आणि घराचा कुठे सुरू होतो, हे मास्क सांगतो. तिसरी ओळ गल्लीबाहेर पडण्याचा दरवाजा, म्हणजे गेटवे दाखवते. चौथी सांगते, की नावावरून आकडा शोधायचा तर कुणाला विचारायचे. हा क्रम मोडून चालत नाही. स्वतःची गल्ली माहीत नसलेल्या यंत्राला दरवाजा दाखवला, तर ते तिथवर पोचणार कसे?

या चारही ओळींवरून पोस्टेल यांचा हात फिरलेला आहे. १२७ हा आकडा त्यांच्याच यादीत राखून ठेवला गेला. मास्कची रीत त्यांनी जेफ्री मोगल यांच्यासह १९८५ मध्ये लिहून काढली. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी मोकळे असल्याचे १९९६ मध्ये जाहीर झाले, तेव्हा नोंदवही त्यांच्याच हाती होती. नावांची पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये रचली. ते काम त्यांच्यावर सोपवणारे पोस्टेलच.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीना गावचा. ज्या व्हॅन नाइस हायस्कुलात ते शिकले, तिथलेच विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर. पुढे हे तिघेही लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एकत्र आले आणि १९६९ मध्ये इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटचे पहिले केंद्र तिथेच उभे राहिले. त्याच वर्षी क्रॉकर यांनी आरएफसी नावाची टिपणांची मालिका सुरू केली. तिचे संपादन पोस्टेल यांच्याकडे आले ते मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. कुठल्या सेवेला कुठला क्रमांक, याचा घोळ होऊ लागला, तेव्हा १९७२ मध्ये त्यांनीच सुचवले, की एकाने हे वाटप करावे. आणि तो एकजण आपण व्हायला हरकत नसल्याचेही सूचित केले. पत्रव्यवहाराला २५, वेबला ८० हे क्रमांक त्या वहीतले.

१९७७ पासून ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये होते. लांब दाढी, पायांत सँडल, टेबलावर कागदांचे ढीग. आजही इंटरनेट ज्यावर चालते ते आयपी आणि टीसीपीचे मूळ दस्तऐवज १९८१ मध्ये त्यांच्या संपादनाखाली निघाले. १ जानेवारी १९८३ रोजी सारे अर्पानेट जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर आले. त्या बदलाचा आराखडाही त्यांचाच. यंत्राने बोलताना काटेकोर असावे आणि ऐकताना दुसऱ्याच्या बारीकसारीक चुका पोटात घालाव्यात, हा त्यांनी घालून दिलेला दंडक. नात्यागोत्यातही तो उपयोगी पडावा! मात्र चुका पोटात घातल्याने त्या साचत जातात, अशी टीकाही पुढच्या काळात झाली.

भारताशी त्यांचा संबंध आला तो याच वहीतून. ८ मे १९८९ रोजी डॉट इन हे आपल्या देशाचे नाव नोंदले गेले आणि त्याची व्यवस्था मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे आली. देश कोणता, हे आपण ठरवायचे नाही, आंतरराष्ट्रीय यादीत आहे तो देश, अशी पोस्टेल यांची भूमिका. ज्याच्याकडे नाव सोपवले तो मालक नव्हे, विश्वस्त, हे त्यांनी १९९४ मध्ये लेखी मांडले.

पण विश्वासावर चालणाऱ्या वहीत पैसा शिरला. नावांची विक्री होऊ लागली, वही कुणाची हा प्रश्न उभा राहिला. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मुख्य यादीची नक्कल ठेवणाऱ्या १२ रूट सर्व्हरांच्या चालकांपैकी आठ जणांना कळवले, की यादी यापुढे ठरलेल्या कंपनीकडून न घेता माझ्या यंत्रावरून घ्या. आठही जणांनी मुकाट्याने तसे केले. जगात कुणाला काही कळलेही नाही, इतके ते सुरळीत झाले. व्हाइट हाउसमध्ये मात्र खळबळ उडाली. दबाव आला, ही केवळ चाचणी होती असे सांगून पोस्टेल यांनी सारे पूर्ववत केले. त्यांची सत्ता किती मोठी आणि किती निराधार होती, हे त्या एकाच कृतीने दाखवले. हाती ना कायदा, ना शिक्का. होता तो केवळ शब्दाला मान.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर वही सांभाळण्यासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर, पोस्टेल गेले. वय अवघे ५५. अमेरिकी सरकारची देखरेख संपायला २०१६ उजाडले.

आता वही समित्यांच्या हाती आहे, आणि ते योग्यच. एका भल्या माणसावर जगाचा कारभार टांगून ठेवता येत नाही. पण तलाठ्याने वही स्वतःची मानली तर गावाचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पोस्टेल यांचे मोठेपण अधिक उमगेल. जगाचे पत्ते वाटणाऱ्या या माणसाने तो व्यवहार स्वतःच्या कमाईचे साधन कधी केला नाही.