शिल्पकार रावबहादूर गणपतराव म्हात्रे

सप्तशृंगगडाच्या कड्यातील अष्टादशभुजा देवीचे दर्शन कळवणकरांस नित्याचे आहे. पाषाणातील रूपाशी असा जन्माचा परिचय असणाऱ्यांस गणपतराव म्हात्रे यांचे चरित्र परके वाटू नये.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असता, विशीच्या सुमारास, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडविली. नऊवारी नेसून पूजेस निघालेली ही तरुणी प्लास्टरची. १८९६ साली बाँबे आर्ट सोसायटीने तिला रौप्यपदक दिले. हिंदी कलावंतास मानवदेह यथार्थ घडविता येत नाही, हा तत्कालीन समज तिने खोटा पाडला.

परंतु मातीत चूक झाली तर गोळा पुन्हा लावता येतो. संगमरवराचा टवका उडाला की उडाला! त्या निर्दय दगडाकडे गणपतराव पुढे वळले. अशा कामात मातीच्या नमुन्यावरून प्लास्टरची प्रतिकृती काढावयाची, तिच्यावरील बिंदूंची मापे शिळेवर उतरवावयाची आणि मापाच्या किंचित अलीकडेच छिन्नी थांबवावयाची. उरलेला पातळ थर मग हलक्या हाताने कानशीने काढावयाचा. अहमदाबादसाठी घडविलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा त्यांचाच. विलायतेत न शिकता त्यांनी हे साधले, याचे आम्हांस विशेष वाटते. १९४७ साली त्यांचे निधन झाले.