अंगणात आलेली शाळा

बालवाडी हा शब्द आज इतका रुळला आहे, की तो कोणीतरी घडवला असेल असे मनातही येत नाही. या शब्दामागे उभे आहे ते ताराबाई मोडक यांचे अर्धशतकाचे काम. मात्र त्या केवळ मुलांच्या शिक्षिका होत्या, असे म्हणणे अपुरे ठरेल. मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या भोवतीच्या मोठ्या माणसांना शिकवले पाहिजे, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या वातावरणातील केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठाची पदवी, वऱ्हाडातील वकिलाशी विवाह आणि काही वर्षांतच त्या संसारातून बाहेर पडणे, असा पुढचा प्रवास. पदरी लहान मुलगी. राजकोटच्या महिला अध्यापक महाविद्यालयात प्राचार्यपद मिळाले होते. त्या काळी स्त्रीसाठी ती मोठी आणि सुरक्षित जागा. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. एकट्या आईने असे धाडस करणे आजही सोपे नाही.

भावनगरला मॉंटेसरी पद्धतीचे प्रयोग चालत. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि ‘शिक्षणपत्रिका’ हे त्याचे मुखपत्र झाले. तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी संपादित केली. तिचा रोख थेट पालकांवर होता. मुलाला मारू नये, बागुलबुवाची भीती घालू नये, खाऊचे आमिष दाखवू नये, या गोष्टी आज साध्या वाटतात. पण छडीवाचून विद्या नाही, असे मानणाऱ्या घरांत त्या पोहोचवणे म्हणजे वडीलधाऱ्यांच्या अधिकारालाच हात घालणे होते. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले, तेव्हा तेथेही मुलांबरोबर पालक आणि भावी शिक्षिका यांना घडवण्याचे काम चालले.

तरीही हे सारे शहरी मध्यमवर्गापुरतेच राहत होते आणि ही गोष्ट त्यांना सलत असावी. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या अखेरीस, त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. सोबत होत्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या, पण शिकून शिक्षिका झालेल्या.

शाळा उघडली, पण दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. मग ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. महागड्या मॉंटेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले. आया कामे करता करता दारातून पाहत राहत. त्यांना वेगळे व्याख्यान देण्याची गरजच नव्हती. डोळ्यांदेखत स्वच्छ होणारे, बोलू-गाऊ लागणारे आपले मूल हाच त्यांचा पाठ होता.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये, अडचण आणखी वेगळी निघाली. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, म्हणून शाळेत येत नाही. मग शाळेला पाळणाघर जोडले गेले. मुलगा गुरे राखायला जातो, म्हणून कुरणशाळा निघाली. कुटुंबाच्या दारिद्र्याचा दोष मुलावर न टाकता शाळेने आपले रूप बदलायचे, ही त्यामागची दृष्टी. तिचे मोल आपल्या शिक्षणव्यवस्थेला अजून पुरते उमगलेले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

१९४६ नंतर काही वर्षे त्या मुंबई विधिमंडळाच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये पद्मभूषणने त्यांचा गौरव झाला.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली आणि अंगणवाडी गावोगावी जाऊ लागली. त्या अंगणवाडीत खिचडीचे पातेले लवकर पोहोचले. गाणी-गोष्टी मात्र बऱ्याच ठिकाणी मागे राहिल्या. कोसबाडला अनुताईंनी १९९२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत ते काम सुरू ठेवले.